दहा शिलिंगांची रॉयल्टी आणि लँचेस्टर मोटार : एक प्रकरण अभ्यास

1904 साली बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागातल्या एका मोटार कारखान्याची वही ऑर्डरींनी भरलेली होती, आणि तरीही कारखान्यावर रिसीव्हर, म्हणजे कर्ज देणाऱ्यांचे पैसे वसूल करायला नेमलेला माणूस, बसला. गाडीत खोट नव्हती. गाडी इतकी विचार करून बनवली होती की तिच्यातल्या कित्येक गोष्टी इतर उत्पादकांनी पुढं दहा, वीस, काही बाबतींत पन्नास वर्षांनी उचलल्या. ऑर्डरी आहेत, माल उत्तम आहे, कारागीर हुशार आहेत आणि पगाराला पैसा नाही, ही अवस्था आपल्याकडच्या एमआयडीसीत उभं आयुष्य काढलेल्या कुठल्याही लघुउद्योजकाला समजावून सांगावी लागणार नाही.

अशा लेखात सहसा नावं झाकतात. हे प्रकरण सव्वाशे वर्षांपूर्वीचं आणि इतिहासात नोंदलेलं असल्यामुळं नावं तशीच ठेवली आहेत. माझा मुद्दा मात्र नेहमीच्या सांगण्यापेक्षा थोडा वेगळा आहे. ‘काळाच्या पुढं असलेला संशोधक आणि त्याला न समजलेलं जग’ ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण ती अर्धीच आहे. ज्या धंद्यानं फ्रेडरिक लँचेस्टरला आधी पैसा दिला तो धंदा सोडून तो दुसऱ्याच धंद्यात शिरला, आणि त्या दुसऱ्या धंद्याचा हिशेब घरात कुणाकडंच नव्हता. उरलेली अर्धी गोष्ट ही आहे.

पार्श्वभूमी

हेन्री जोन्स लँचेस्टर हे वास्तुरचनाकार. त्यांना आठ मुलं. थोरला हेन्री व्हॉन वडिलांच्याच व्यवसायात गेला. जोधपूरचा उमेद भवन राजवाडा त्याच्या आराखड्याचा, म्हणजे या घराण्याचं सगळ्यात मोठं काम आपल्या देशात उभं आहे. एडिथ नावाच्या बहिणीनं 1895 साली लग्न न करता एका कामगारवर्गातल्या माणसाबरोबर राहायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांनी तिला वेडी ठरवून इस्पितळात डांबलं होतं. ते प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं आणि चार दिवसांत तिला सोडावं लागलं. एडिथनं आपलं म्हणणं सोडलं नाही. हट्ट या घरात मुबलक होता, एवढं यावरून कळतं.

आपल्याला काम आहे ते तीन भावांशी. फ्रेडरिक (जन्म 1868) हा डोकं. फ्रँक विक्री बघणारा. जॉर्ज (जन्म 1874) धाकटा, पण कारखान्यात हात काळे करण्यात सगळ्यांच्या पुढं.

फ्रेडरिक 1889 मध्ये बर्मिंगहॅमच्या सॉल्टली भागातल्या फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत सहायक वर्क्स मॅनेजर म्हणून लागला. पगार आठवड्याला 1 पौंड. करारात एक कलम होतं: नोकरीत असताना तो ज्या तांत्रिक सुधारणा करील त्यांची मालकी कंपनीची. विशीतल्या त्या पोरानं सही करण्याआधी ते कलम पेनानं खोडून टाकलं, आणि मालकांनी ते चालवून घेतलं. या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच, आणि माझ्या मते पैशाच्या दृष्टीनं फ्रेडरिकनं घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णयही हाच.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानं इंजिनाचा वेग आवरणारा लंबकाचा गव्हर्नर शोधला आणि पेटंट घेतलं. कंपनी प्रत्येक गव्हर्नरमागं त्याला 10 शिलिंग रॉयल्टी देऊ लागली. 20 शिलिंगांचा 1 पौंड, म्हणजे दोन इंजिनं खपली की सुरुवातीच्या पगाराच्या हिशेबानं आठवड्याची कमाई सुटली! पुढं त्यानं गॅस इंजिन आपोआप चालू करणारी युक्ती शोधली. तिचे हक्क क्रॉसली या मोठ्या इंजिन कंपनीला विकले, तेही चांगल्या किमतीला.

इथं जरा थांबून बघा. दोन्ही शोध दुसऱ्याच्या इंजिनाला चिकटणारे होते. ओतकाम दुसऱ्याचं, लेथ दुसऱ्याचे, उधारी-वसुली दुसऱ्याची. फ्रेडरिकचा खर्च होता कागद, पेटंटची फी आणि एक छोटी कार्यशाळा. ती त्यानं कंपनीशेजारीच भाड्यानं घेतली होती. तिथं त्यानं 3 अश्वशक्तीचं, मिनिटाला 600 फेरे घेणारं उभं इंजिन केलं, ते थेट डायनॅमोला जोडलं आणि कंपनीच्या ऑफिसात नि कारखान्याच्या काही भागात दिवे लावून दाखवले. 1893 च्या सुमारास वर्क्स मॅनेजरची खुर्ची जॉर्जकडं सोपवून तो मोकळा झाला. 1894 मध्ये भावांनी घरामागच्या बागेत एक नाव बांधली, तिला स्वतःचं इंजिन बसवलं आणि ऑक्सफर्डला ती पाण्यात सोडली. पुढचं पाऊल रस्त्यावरच पडणार होतं.

समस्या काय होती

समस्या दोन होत्या, आणि भावांना त्यांतली एकच दिसत होती.

दिसत होती ती थरथर. त्या काळच्या मोटारी म्हणजे घोडागाडीतून घोडा काढून खाली इंजिन बांधलेलं. गाडी उभी असतानाही बसणाऱ्याचे दात वाजायचे. वॉशिंग मशीनमध्ये चादरीचा गोळा एका बाजूला झाला की यंत्र जसं फरशीवर चालायला लागतं, तोच प्रकार. बहुतेकांनी जाड गाद्या आणि जाड चौकटी हे उत्तर काढलं. फ्रेडरिकचं म्हणणं असं की थरथर जन्मालाच का येते ते आधी बघू.

पिस्टन एका टोकाला थांबतो, उलटा फिरतो, दुसऱ्या टोकाला पुन्हा थांबतो. या प्रत्येक हिसक्याची प्रतिक्रिया इंजिनाच्या सांगाड्यावर येते. क्रँकवर, म्हणजे पिस्टनची ये-जा गोल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्यावर, विरुद्ध बाजूला वजन लावलं तर पिस्टनच्या दिशेचा हिसका मरतो, पण ते वजन गोल फिरत असल्यामुळं आडव्या दिशेला नवाच हिसका तयार होतो. दुखणं बरं होत नाही, नुसती जागा बदलतं. फ्रेडरिकनं एका पिस्टनला दोन कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे) लावले, ते दोन वेगळ्या क्रँकशाफ्टांना जोडले आणि हे दोन शाफ्ट एकमेकांच्या उलट दिशेनं फिरवले. आता दोन्हीकडच्या वजनांचे आडवे हिसके एकमेकांना खाऊन टाकतात, उभे हिसके मिळून पिस्टनचा झटका शोषतात. प्रत्येक शाफ्टला आपलं फ्लायव्हील, म्हणजे वेग एकसारखा ठेवणारं जड चाक, तीही उलटसुलट फिरणारी. त्यामुळं इंजिनानं एकदम वेग घेतला तरी गाडीला एका बाजूला पीळ बसत नाही. कागदावर हे काढून बघितलं की माणूस खुश होतो. मी तरी झालो.

न दिसलेली समस्या अशी, की हे इंजिन दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसण्यासारखं नव्हतंच. गव्हर्नर सुटा विकता येत होता. या इंजिनाभोवती चौकट, गिअर, स्प्रिंगा, बैठक सगळंच नव्यानं रचावं लागणार होतं. शोध गाडीत विरघळला होता, आणि तो विकायचा तर अख्खी गाडी विकणं आलं.

समोर असलेले पर्याय

1895-96 साली इंग्लंडात मोटार करू पाहणाऱ्याला निदान चार वाटा होत्या. भावांनी टेबलाभोवती बसून त्या तोलल्या असं मी म्हणत नाही. त्या उपलब्ध होत्या एवढंच.

पहिली वाट म्हणजे परदेशी परवाना घ्यायचा. कोव्हेंट्रीची डेम्लर कंपनी 1896 मध्ये याच पायावर उभी राहिली. जर्मन रचनेचे हक्क विकत घेतले, भागभांडवल लोकांकडून उभं केलं. त्या प्रकरणात हॅरी लॉसन नावाच्या कंपन्या काढण्यात वाकबगार माणसानं बरेच हात मारून घेतले ही गोष्ट वेगळी, पण कारखाना टिकला.

दुसरी, इंजिन विकत घ्यायचं आणि गाडी आपली बांधायची. फ्रान्समधली द दियों-बूतों कंपनी आपली छोटी इंजिनं बाहेर विकत असे, आणि कित्येक ब्रँडांनी त्यांवरच सुरुवात केली.

तिसरी, फ्रेडरिकची ओळखीची: सुटी पेटंटं काढून विकत राहायचं.

चौथी, सगळं मुळापासून आपलं. इंजिन, गिअर, मागचा आस, बेअरिंग, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), बॉडी, आणि त्या बनवायला लागणारी यंत्रंसुद्धा.

भावांनी चौथी निवडली. कायद्याची स्थिती लक्षात घेतली तर हे धाडस आणखी ठळक होतं. पहिली गाडी फेब्रुवारी किंवा मार्च 1896 मध्ये रस्त्यावर आली, तेव्हा इंग्लंडात यांत्रिक वाहनाला खुल्या रस्त्यावर ताशी 4 मैलांची आणि गावात 2 मैलांची मर्यादा होती, आणि गाडीपुढं माणूस चालवावा लागे. (लाल झेंड्याची सक्ती 1878 मध्येच गेली होती, माणूस राहिला होता.) हा जाच 14 नोव्हेंबर 1896 ला संपला. म्हणजे पहिली लँचेस्टर रस्त्यावर आली तेव्हा ती तिच्या खऱ्या वेगानं चालवणं हाच गुन्हा होता.

काय केलं

पहिल्या गाडीत एक सिलिंडरचं, 1306 घनसेंटिमीटरचं, 5 अश्वशक्तीचं इंजिन होतं. इंजिन गुळगुळीत चाललं, पण ताकद कमी पडली. दुसरा कुणी असता तर गाडी हलकी केली असती किंवा तीच थोडी सुधारून विकायला काढली असती. फ्रेडरिकनं 1897 मध्ये त्याच चौकटीत दोन सिलिंडरचं नवं इंजिन बसवलं आणि शेजारी दुसरी पूर्ण गाडी बांधली.

हे दोन सिलिंडरचं इंजिन थोडं जवळून बघण्यासारखं आहे. सिलिंडर समोरासमोर आडवे. नेहमीच्या अशा रचनेत दोन पिस्टन एका रेषेत येत नाहीत, कारण क्रँकवर त्यांच्या रॉडांना शेजारी-शेजारी जागा द्यावी लागते. त्या थोड्याशा अंतरामुळं इंजिन डुलत राहतं. लँचेस्टरनं इथंही एकावर एक असे दोन उलटे फिरणारे क्रँकशाफ्ट ठेवले आणि दोन पिस्टनांना मिळून 6 कनेक्टिंग रॉड दिले. ते अशा जोडीनं लावले की दोन्ही पिस्टन एका सरळ रेषेत समोरासमोर आले आणि डुलणं बंद पडलं. तोच प्रश्न पुन्हा आला तर तेच उत्तर आणखी पुढं न्यायचं, ही त्याची पद्धत. पण दोन पिस्टनांना 6 रॉड ही कुठल्याही खरेदी विभागाला घाम फोडणारी गोष्ट आहे, हेही तितकंच खरं.

बाकीची गाडीही याच हिशेबानं. गिअर एपिसायक्लिक, म्हणजे दाते कायम एकमेकांत गुंतलेले आणि पट्टा आवळून हवा तो वेग निवडायचा. त्यामुळं गिअर बदलताना तो कर्कश खरखराट नाही. मागच्या चाकांना ताकद वर्मगिअरनं (स्क्रूसारख्या आट्यांनी दातेरी चाक फिरवणारा गिअर), आणि त्या वर्मचा आकार इतका वेगळा की तो कापायचं यंत्रही स्वतःच बनवलं. पेट्रोल वातींनी वर ओढून त्यावरून हवा नेणारा कार्ब्युरेटर. चालताना माणसाचं डोकं ज्या लयीत वरखाली होतं ती लय शरीराला सवयीची असते, म्हणून स्प्रिंगांची लय तिच्या जवळ ठेवलेली. पुढं बॉनेट नाही, कारण इंजिन मध्यभागी. स्टीअरिंगला चाक नाही, बाजूला दांडा.

या दुसऱ्या गाडीला 1899 मध्ये रिचमंडच्या प्रदर्शनात रचनेबद्दल सुवर्णपदक मिळालं. डिसेंबर 1899 मध्ये लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन झाली आणि माँटगोमेरी स्ट्रीटवरच्या आर्मरर मिल्समध्ये कारखाना सुरू झाला. 1900 मध्ये दाखवण्यापुरत्या 6 गाड्या झाल्या. इंजिन 4033 घनसेंटिमीटरचं, हवेनं थंड होणारं. गिऱ्हाइकांच्या हाती गाड्या पडल्या त्या 1901 मध्ये.

कंपनी काढल्यावरचे निर्णयाचे तीन क्षण

पहिला क्षण कारखान्याच्या आत होता. तेव्हाची बर्मिंगहॅमची पद्धत अशी की भाग अंदाजे बनवायचे आणि फिटरनं कानस घेऊन एकमेकांत बसवायचे. त्यामुळं प्रत्येक गाडी वेगळी, आणि एकीचा भाग दुसरीला बसत नाही. लँचेस्टर बंधूंनी ठरवलं की कुठलाही भाग कुठल्याही गाडीला बसलाच पाहिजे. त्यासाठी गेज (माप तपासायची साधनं) केली, जिग (भाग ठरल्या जागी पकडणारे साचे) केले, बॉडीसुद्धा जिगवर बांधायला लावल्या. इतर कारखाने नुसती चौकट विकत आणि गिऱ्हाईक ती बग्गी बांधणाऱ्याकडं नेई. तिथं इतकी बारीक मापं पाळली जाईनात, तेव्हा बॉडीचं कामही घरात आलं.

तांत्रिकदृष्ट्या याला तोड नाही. पण गेज-जिगांचा पैसा पहिली गाडी विकण्याआधी घालावा लागतो आणि तो वसूल होतो संख्येवर. संख्या वाढवायची तर खेळतं भांडवल हवं, आणि ते सगळं गेज-जिगांत अडकलेलं. हेन्री फोर्डची अदलाबदल करता येणाऱ्या भागांची गाडी यशस्वी झाली ती पुढं, मोठ्या संख्येच्या आणि स्वस्त किमतीच्या जोरावर. लँचेस्टर श्रीमंत गिऱ्हाइकांना थोड्या महागड्या गाड्या विकत होते, आणि शिस्त मात्र हजारोंनी गाड्या काढणाऱ्याची पाळत होते. मला हा या प्रकरणाचा गाभा वाटतो. शिस्त चूक नव्हती. तिला साजेशी संख्या नव्हती.

दुसरा क्षण बाजारातला. 1901 मध्येच मर्सिडीजची 35 अश्वशक्तीची गाडी आली: पुढं लांब बॉनेट, तोंडावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर, तिरपं स्टीअरिंग चाक. मोटार अशी दिसते, हे लोकांच्या मनात पक्कं झालं ते त्या एकदोन वर्षांत. नेमक्या त्याच वर्षी बॉनेट नसलेली, दांड्यानं वळणारी लँचेस्टर विक्रीला आली. फ्रेडरिकचं उत्तर तर्कशुद्ध होतं: बॉनेटला काही काम नाही, दांड्याला हात पटकन प्रतिसाद देतो. पण गिऱ्हाईक दुकानात तर्क विकत घ्यायला येत नाही. 1902 मध्ये पाण्यानं थंड होणारं इंजिन द्यायला लागले ती तडजोड त्यांनी केली. स्टीअरिंगच्या बाबतीत मात्र चाकाचा पर्याय यायला 1908 उजाडलं, आणि 1911 च्या अखेरीस चाक कायमचं झालं.

विक्रीच्या बाजूला फ्रँकनं गिऱ्हाईक चांगली मिळवली. मुंबईत जन्मलेला लेखक रडयार्ड किपलिंग त्यांतला एक. 1902 पासून तो लँचेस्टरमधून हिंडत होता, आणि त्याच्या गाड्या वाटेत बसायच्याही. डिचलिंग गावात गाडीचे आतले अवयव बाहेर आल्यावर, तुमचा हा प्रयोग येऊन घेऊन जा, अशी तार त्यानं कंपनीला केली असं सांगतात. चिडलेल्या लेखकाच्या विनोदाचा भाग सोडला तरी त्यात एक खरी तक्रार दिसते: गिऱ्हाइकाच्या अंगणात प्रयोग चालू होते. 1902 मध्ये पेटंट घेतलेले डिस्क ब्रेक, म्हणजे फिरत्या तबकडीला दोन्हीकडून पकडून गाडी थांबवणारे, हे याचंच उदाहरण. कल्पना अचूक, पण पकडीला तांब्याच्या पट्ट्या. त्या वेळच्या धुळीच्या रस्त्यांवर त्या झिजत. योग्य पदार्थ मिळून डिस्क ब्रेक मोटारींत रुळायला सुमारे 50 वर्षं लागली.

तिसरा क्षण पैशाचा. 1904 पर्यंत ऑर्डरी भरपूर आणि रोकड संपलेली, असा पेच आला. रिसीव्हर आला. त्याच सुमारास नवं भांडवल घालून लँचेस्टर मोटर कंपनी या नावानं पुनर्रचना झाली. कारखाना वाचला, पण आता पैसा घालणाऱ्यांचा शब्द जड झाला. 1904 मध्ये 2470 घनसेंटिमीटरची, 4 सिलिंडरची, दाबानं तेल पोचवणारी नवी गाडी आली, 1906 मध्ये 6 सिलिंडरची. दोन उलट्या क्रँकांचं ते देखणं इंजिन मागं पडलं.

परिणाम

1909 मध्ये फ्रेडरिक डेम्लर कंपनीचा सल्लागार झाला. होय, तीच कोव्हेंट्रीची डेम्लर, परवान्यावर उभी राहिलेली. काही वर्षांत तो स्वतःच्या नावाच्या कंपनीतून पूर्ण बाहेर पडला आणि रचनेची सूत्रं जॉर्जकडं गेली. जॉर्ज भावाइतका प्रतिभावान नव्हता असं सरधोपट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. गिऱ्हाइकाला हवी ती गाडी, घराण्याला शोभेल अशा दर्जाची, हे काम जॉर्जनं दीर्घकाळ केलं. त्याच्या काळातल्या ‘फॉर्टी’ या मॉडेलवर अलवरच्या महाराजांनी 1924 मध्ये राज्याभिषेकाच्या रथासारखी सोनेरी गाडी बांधून घेतली. नवानगरचे जामसाहेब, म्हणजे क्रिकेटचे रणजी, हे तर लँचेस्टरचे ठरलेले गिऱ्हाईक. पहिल्या महायुद्धात याच कारखान्याच्या चिलखती गाड्या रशियापर्यंत गेल्या.

1931 च्या मंदीत बँकेनं ओव्हरड्राफ्ट परत मागितला आणि कंपनी बीएसएच्या (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कंपनीच्या) हाती गेली. बीएसए तेव्हा डेम्लरची मालक होती. 1904 चं दुखणं तेच राहिलं होतं, फक्त आकडा वाढला होता. 1950 च्या दशकात लँचेस्टर हे नावही बाजारातून गेलं.

फ्रेडरिकच्या हाताला डेम्लरकडं पुन्हा जुनीच चव लागली. 6 सिलिंडरच्या लांब क्रँकशाफ्टला फिरताना पीळ बसतो आणि ठरावीक वेगाला तो शाफ्ट मोडतो, यावर त्यानं पीळ शोषणारा डँपर काढला. 4 सिलिंडरच्या इंजिनातली उरलेली थरथर मारायला क्रँकच्या दुप्पट वेगानं उलटसुलट फिरणारे दोन संतुलक शाफ्ट काढले. मूळ कल्पना 1896 चीच, पण आता ती कुणाच्याही इंजिनाला जोडता येत होती. 1970 च्या दशकात मित्सुबिशीनं संतुलक शाफ्टांना नवं रूप दिलं आणि त्या रूपाचं पेटंट घेतलं. पोर्शनं आपल्या 944 साठी त्याचा परवाना घेतला. मूळ पेटंट केव्हाच कालबाह्य झालेलं. ज्यानं बीज पेरलं तो 8 मार्च 1946 ला गेला, आजारी आणि आर्थिक ओढगस्तीत.

वेगळं काय करता आलं असतं

मागाहून शहाणपण सोपं असतं, म्हणून जे त्या वेळच्या माहितीवर करता आलं असतं तेवढंच धरतो.

1899 मध्ये कंपनी काढताना शोध आणि कारखाना वेगळे ठेवता आले असते. पेटंटं फ्रेडरिककडं, कारखाना त्यांचा एक परवानाधारक, आणि गिअर नि वर्म इतरांनाही खुले. एपिसायक्लिक गिअर आणि वर्मगिअर हे 6 रॉडच्या इंजिनासारखे गाडीत अडकलेले नव्हते, ते सुटे विकता येण्याजोगे होते. पुढं डेम्लरनं वर्म वापरलाच. दहा वर्षं आधी असं काही झालं असतं तर 1904 च्या खड्ड्यात थोडी माती पडली असती. याला एक रास्त आक्षेप आहे: 1899 मध्ये विकत घेणार कोण? इंग्लंडात मोटार उत्पादक मूठभर, त्यांतले अर्धे लॉसनच्या पेटंटांच्या जाळ्यात. आक्षेप बरोबर आहे, म्हणून हा पर्याय मी पैजेवर मांडत नाही.

दुसरं, सगळं एकाच वेळी नवं करायची गरज नव्हती. इंजिन आणि गिअर नवे ठेवून बेअरिंग, कार्ब्युरेटर, बॉडी यांत पहिली दोन वर्षं बाहेरचा माल चालला असता. इथं फ्रेडरिकची बाजूही समजून घ्यायला हवी. बाहेरचा माल त्याच्या मापात बसत नव्हता आणि गाडी बदनाम झाली असती त्याच्या नावानं. तरीही मी बेअरिंग घरात ठेवली असती आणि बॉडी बाहेर टाकली असती. बॉडीचं माप चुकलं तर सुतार दुरुस्त करतो, बेअरिंगचं चुकलं तर गाडी रस्त्यात बसते.

तिसरं म्हणजे स्टीअरिंगचं चाक. 1908 मध्ये पर्याय म्हणून दिलं ते 1903-04 मध्येच देता आलं असतं. संतुलनाच्या गणिताशी त्याचा काही संबंध नव्हता आणि जिगही थोडेच बदलावे लागले असते. ज्या गोष्टीवर गाडीचा दर्जा अवलंबून नाही तिथं गिऱ्हाइकाचं ऐकून टाकायचं आणि भांडण 6 रॉडसाठी राखून ठेवायचं, एवढा व्यवहार फ्रँकला नक्की कळत असणार. फ्रेडरिकपुढं त्याचं चालत नसणार असा माझा अंदाज.

आणि चौथं, सगळ्यात साधं. तीन भावांत एक रचनाकार, एक कारखाना सांभाळणारा, एक विकणारा. हुंडी, उधारी, कच्च्या मालात अडकलेला पैसा आणि तीन महिन्यांनंतरचा पगार यांवर रोज नजर ठेवणारा चौथा माणूस भागीदार म्हणून घरात नव्हता. ते काम संचालकांकडं, म्हणजे पैसा घालणाऱ्यांकडं राहिलं. थोरला हेन्री व्हॉन तेव्हा इमारतींच्या स्पर्धा जिंकण्यात गुंतला होता. 1899 च्या करारावर सही होताना असा चौथा माणूस टेबलावर असता, तर त्यानं पहिला प्रश्न विचारला असता तो इंजिनाबद्दल नसता: या जिगांचे पैसे फिटायला वर्षाला किती गाड्या विकाव्या लागतील, आणि तेवढ्या बांधायला पगारापुरती रोकड कुठून येणार?